पगार थांबला तर घर किती महिने चालेल?

आपल्याकडं सोयरीक जुळवताना पोराचा पगार किती हे पहिल्या पाच मिनिटांत विचारतात, शेत किती, घर स्वतःचं की भाड्याचं तेपण विचारतात, पण उद्या पगार थांबला तर घर किती महिने चालेल हे कुणी विचारलेलं मी आजवर ऐकलं नाही. मलाही कोण विचारलं नव्हतं. २५ मार्च २०२० ला लॉकडाऊन लागलं, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला आमचा कारखाना बंद झाला, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी झोप येईना म्हणून मी पासबुकं काढून बसलो. बँकेतले, पिग्मीतले, बायकोच्या डब्यातले सगळे एकत्र धरले आणि महिन्याच्या खर्चानं भागले. उत्तर आलं दीड. बारा वर्षं नोकरी केलेल्या माणसाचं उत्तर दीड महिना!

आर्थिक स्वातंत्र्य, फायनान्शियल फ्रीडम वगैरे जे मोबाईलवर सूटबूट घातलेली माणसं सांगतात ते म्हणजे खरं हा एवढा भागाकार आहे. वर तुमच्याकडचे पैसे, खाली महिन्याचा खर्च. जे उत्तर येतंय तेवढे महिने तुम्ही कुणाच्या बापाचे मिंधे नाही. दीड आला तर सुपरवायझर काय बोलेल ते खाली मान घालून ऐकायचं. सहा आला तर दुसरी नोकरी बघायला चार दिवस सुट्टी टाकता येते. चोवीस आला तर स्वतःचं लेथ मशीन घालायचा विचार करता येतो, बुडालं तरी घरात भात शिजणार. आणि तीनशे आला तर नोकरी करायची की नाही ही तुमची मर्जी.

तीनशेच का? तर १९९४ साली विल्यम बेंगन नावाच्या अमेरिकेतल्या एका फायनान्शियल प्लॅनरनं तिथल्या शेअर आणि रोख्यांचे जुने आकडे तपासून एक हिशेब मांडला, की जमलेल्या रकमेतले पहिल्या वर्षी चार टक्के काढा, पुढं महागाई वाढेल तसं वाढवत न्या, तर पैसा तीस वर्षं तरी पुरतो. वर्षाचा खर्च रकमेच्या चार टक्के म्हणजे रक्कम खर्चाच्या पंचवीस पट, पंचवीस गुणिले बारा, तीनशे महिने. पंचवीस वर्षांतच का संपत नाही, तर तुम्ही वरचं वर काढता तेव्हा खालचा पैसा वाढतच असतो, विहिरीला झरा असल्यासारखं. पण तो हिशेब अमेरिकेचा, तिथं महागाईचं टार्गेट दोन टक्के, आपल्या रिझर्व्ह बँकेचं चार, त्यातपण दोन वर दोन खाली चालतंय म्हणतात. म्हणून मी आपला चारशे धरतो. महिना २५ हजार खर्च असेल तर एक कोटी.

आता कोटी म्हटल्यावर निम्मे लोक वाचायचं सोडणार मला माहितेय, पण थांबा की ओ, कोटीचं नंतर बघू, आधी दीडचा सहा करू.

भागाकाराला दोन बाजू असतात आणि खालची बाजू जास्त हातात असते. समजा कमाई ३० हजार, खर्च २५ हजार, उरले ५. म्हणजे एक महिन्याची मोकळीक विकत घ्यायला पाच महिने राबायला लागतंय. तोच खर्च २० वर आणला तर उरतात १०, आणि मोकळीकीचा महिना आता २० हजारालाच मिळतोय, म्हणजे दोन महिन्यांच्या कामात एक. पाचाचे दोन झाले. पगार एक रुपया वाढला नाही. मी हे वहीत मांडलं तेव्हा मलाच पटेना, तीनदा केलं.

पण खर्च कमी कर म्हणजे चहा सोड, हे जे सांगतात त्याला माझा विरोध आहे. चहानं कोण बुडत नाही. आपल्या भागात घर बुडतं ते यात्रेनं, लग्नानं आणि बांधकामानं. गावच्या लक्ष्मीची यात्रा किती वर्षांनी येते तुम्हाला माहितेय, काही गावांत तर पोराच्या जन्मानंतर एकदम त्याच्या लग्नाच्या वयातच, आणि आली की घराला रंग, लेकींना साड्या, पै-पाव्हणा, बकरी, मांडव, आठवडाभर चुली थंड होत नाहीत. मी यात्रेच्या विरोधात नाही, आमच्या घरी मीच पुढं असतोय. पण यात्रा अचानक येत नाही ना! पंचकमिटी आधी ठरवते, वर्षभर आधी पट्टी गोळा होते, तरी आपण पैशाची सोय शेवटच्या महिन्यात शेकडा तीनच्या व्याजानं करतो. यात्रेला दीड लाख धरले आणि तीस महिने आधी सुरुवात केली तर महिन्याला ५ हजार. जमत नाही? मग दीड लाखाची यात्रा आपल्याला जमत नाही एवढाच त्याचा अर्थ, बकरी दोनऐवजी एक. गणपती, शाळेची फी, गाडीचा इन्शुरन्स हे असेच, वर्षाचे खर्च बाराने भागून महिन्याच्या खर्चात धरायचे, नाहीतर भागाकार खोटा येतो. माझा दीडसुद्धा तसा खोटाच होता, खरा सव्वाच्या आसपास असणार.

शेकडा तीनवरून आठवलं. व्याजी पैसे घेताना आपण तीन टक्के म्हणतो आणि तीन ऐकायला किती गरीब वाटतं, पण ते महिन्याचं, वर्षाचं ३६. जगातली कुठलीच गुंतवणूक तुम्हाला दरवर्षी ३६ टक्के देणार नाही, म्हणून असलं कर्ज अंगावर असताना शेअर, एसआयपी असली भाषा करायची नाही, ते फेडणं हीच सगळ्यात भारी गुंतवणूक. दुसरी गंमत फ्लॅट रेटची. एक लाख घेतले, १० टक्के फ्लॅट, तीन वर्षं. व्याज ३० हजार, एकूण १ लाख ३० हजार भागिले ३६, हप्ता ३,६११. वाटतंय दहाच टक्के. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत आलाय, शेवटच्या वर्षी तुमच्याकडं त्यांचा तिसरा हिस्सापण नसतो, तरी व्याज पूर्ण लाखावर चाललंय. बँकेच्या पद्धतीनं, म्हणजे उरलेल्या रकमेवर धरलं तर तो दर जवळजवळ १८ टक्के पडतो. शोरूममध्ये किंवा आठवड्याला वसुलीला येणाऱ्या कंपनीला एकच विचारायचं, फ्लॅट की रिड्युसिंग? समोरचा इकडंतिकडं बघायला लागला की समजायचं.

शेती असेल तर पीकेपीएसचं, म्हणजे गावच्या शेती पतसंस्थेचं, पीककर्ज आहेच, कर्नाटकात वेळेत भरलं तर ठराविक मर्यादेपर्यंत बिनव्याजी मिळतं. पण 'वेळेत' हा शब्द महत्त्वाचा. बाहेरून शेकडा तीननं आणून दोन दिवसांसाठी पीकेपीएस भरायची आणि परत उचलायची, हे आपल्याकडं वर्षानुवर्षं चालतंय. बिनव्याजी कर्जाचं व्याज हे असं भरलं जातं.

बरं, सहा महिन्यांचा साठा करायचा कशात? मी तर पिग्मी म्हणेन, हसू नका. पिग्मी आपल्या कर्नाटकाचीच, उडुपीच्या सिंडिकेट बँकेनं १९२८ साली सुरू केली, दोन-दोन आणे रोज घरी येऊन गोळा करायचे. ती बँक २०२० ला कॅनरा बँकेत गेली, पण पिग्मी खडेबाजारात, शहापुरात, निपाणीत अजून तशीच फिरते. व्याज जेमतेम, मुदतीआधी काढलं तर बऱ्याच ठिकाणी काहीतरी कापून घेतात, हिशेबाच्या माणसाला ती अजिबात पटणार नाही. पण ज्याचा गल्ला रोजचा आहे, भाजीवाला, रिक्षावाला, टेलर, त्याच्या खिशात महिनाअखेरीला ३ हजार राहत नाहीत आणि रोजचे शंभर मात्र जातात, कारण एजंट दारात उभा असतो आणि आज नाही म्हणायची लाज वाटते. लाजेची किंमत म्हणून थोडं व्याज गेलं तर जाऊ द्या. फक्त पासबुकावर किंवा मशीनवर रोजची नोंद घ्यायची, आणि पिग्मी वर्षाला फुटली की ती रक्कम परत तिथंच न ठेवता बँकेच्या एफडीत न्यायची. पगारदाराला पिग्मीची गरज नाही, त्यानं पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप कापली जाणारी आरडी लावावी.

बँकेच्या एफडीत म्हटलं, सोसायटीच्या नाही, आणि इथं जरा सावकाश बोलतो कारण हे आमच्या घरात घडलंय. आमचे बाबा फौंड्रीत होते. रिटायर झाल्यावर पीएफचे पैसे आले, गल्लीतल्याच ओळखीच्या सोसायटीत ठेवले, व्याज बँकेपेक्षा दोन टक्के जास्त, चेअरमन बघितला की बाबांना नमस्कार करायचा, ऑफिसला एसी, दिवाळीला मिठाईचा बॉक्स. तीन वर्षं व्याज वेळेवर आलं. मग एक महिना चुकला, मग 'पुढच्या आठवड्यात बघू', मग एक दिवस शटर अर्ध्यावर आणि बाहेर शंभर माणसं. आम्हाला निम्म्याच्या आत परत मिळालं, तेपण तुकड्या-तुकड्यानं. बाबा त्या गल्लीतून जायचं टाळायचे, जसं काय त्यांनीच कुणाचे बुडवलेत.

तेव्हा कळलेला फरक असा. बँक, मग ती सरकारी असो, खासगी असो नाहीतर सहकारी असो, तिच्यातली ठेव डीआयसीजीसी नावाच्या रिझर्व्ह बँकेच्या कंपनीकडं इन्शुअर असते, ४ फेब्रुवारी २०२० पासून एका माणसाला एका बँकेत मुद्दल-व्याज धरून ५ लाखांपर्यंत, त्याआधी एकच लाख होते. एकाच बँकेच्या चार शाखांत ठेवले तरी मिळून पाचच. पण पतसंस्था, सौहार्द सोसायटी, मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटी यांना हे कवच नाही. नावात सहकारी आहे, आत काउंटर आहे, पासबुक आहे, बघायला सगळं बँकेसारखं, फक्त 'बँक' हा शब्द नाही. सगळ्या सोसायट्या वाईट असं माझं म्हणणं नाही, काही पन्नास-पन्नास वर्षं चोख चालल्यात आणि बँक ज्याला दारात उभी करत नाही त्याला त्याच कर्ज देतात. पण तिथं शेअर ठेवा, थोडी पिग्मी ठेवा, बाबांचा पीएफ ठेवू नका. दोन टक्के जास्त व्याज कशाचं मिळतंय, तर ते कवच नसल्याचं.

भिशीबद्दल थोडक्यात. वीस बायका, पाच-पाच हजार, दर महिन्याला एकीला लाख. लिलावाची असली तर जिला नड आहे ती ८० हजारावर उचलते, राहिलेले २० हजार वीस जणींत वाटले जातात, म्हणजे त्या महिन्यात प्रत्येकीनं चारच हजार भरायचे. शेवटी उचलणारीला फायदा, आधी उचलणारीला ते कर्ज. ओळखीतली, छोटी असेल तर ठीक, पण घरगुती भिशी चिट फंड कायद्याखाली रजिस्टर नसते आणि एकीनं उचलून गाव सोडलं की पोलीस स्टेशनला सांगायला हातात कागद नसतो. अनोळखी माणसाची आणि पन्नास हजारावरची भिशी मी तरी लावत नाही.

सहा महिने जमले की लगेच शेअरकडं धावायचं नाही, आधी डब्याला भोक आहे का बघायचं. एक ऑपरेशन सहा महिने एका रात्रीत खातंय. बीपीएल कार्डवाल्या कुटुंबाला आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकमधून वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, सहकारी संस्थेच्या सभासदांना यशस्विनी आहे, बाकीच्यांनी हेल्थ पॉलिसी घ्यायची. बँकेत ४३६ रुपये वर्षाला भरून जीवन ज्योती आणि २० रुपयांत अपघाताची सुरक्षा विमा, दोन्ही दोन-दोन लाखांच्या, हे तरी प्रत्येकानं करावंच. घर एकाच्या पगारावर असेल तर टर्म इन्शुरन्स. टर्ममध्ये मेलं नाही तर पैसे परत मिळत नाहीत म्हणून लोक घेत नाहीत, आणि पैसे परत देणारी पॉलिसी घेतात, तिच्यात वीस वर्षांनी साधारण पाच-सहा टक्क्यानं परत येतात आणि मधे काही झालं तर घरच्यांना तुटपुंजे. गाडीचा इन्शुरन्स वर्ष संपल्यावर परत मिळत नाही म्हणून कोण रडतंय काय?

आणि आपल्या सीमाभागाची खास अडचण, कागद वाचायचा कसा. बँकेचा फॉर्म कन्नड-इंग्लिश, पॉलिसी इंग्लिश, सोसायटीचा ठराव कन्नड, आणि आपली मराठी शाळेतली सही तळाला. माझी मुलगी कन्नड वाचते, आता घरात आलेला प्रत्येक कागद आधी तिच्यापुढं. नंतर माझी सही. यात कसला कमीपणा नाही, भाषेचं भांडण वेगळं आणि कर्जाचं कलम वेगळं.

नोकरदारांनी पीएफला हात लावू नये ही माझी हात जोडून विनंती. उद्यमबागेत, मच्छेत पोरं दर दोन वर्षांनी कारखाना बदलतात आणि दरवेळी पीएफ काढून गाडीचा डाउन पेमेंट करतात. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, तोच ठेवून ट्रान्सफर करता येतं. पीएफला २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज होतं, एवढं एफडीत मिळणं अवघड, शिवाय दहा वर्षं नोकरी भरली तर पेन्शनचा हक्क लागतो, काढत बसलात तर तो हिशेब परत शून्यावर.

आता कोटीकडं वळू. फक्त एफडीनं चारशे महिने होत नाहीत, कारण महागाई मागून खात येते. ७२ ला टक्क्यानं भागा, सहा टक्के महागाई असेल तर बारा वर्षांत खर्च डबल, आजचे २५ हजार तेव्हा ५० हजार. म्हणून काही भाग तरी धंद्यात पाहिजे, आणि शेअर म्हणजे दुसऱ्याच्या धंद्यातला वाटा. कुठला शेअर ते मला कळत नाही, तुम्हालाही कळत नसेल, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर टिप देणाऱ्यालाही कळत नाही. गणपत गल्लीत कुठलं दुकान चालेल यावर पैज लावण्यापेक्षा गल्लीतल्या प्रत्येक दुकानात थोडी-थोडी पाती ठेवली तर? दोन बंद पडतील, पाच चालतील, एक जोरात चालेल, गल्ली मात्र राहील. इंडेक्स फंड म्हणजे ही पाती, निफ्टीचा असला तर देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांत, आणि त्यातपण 'डायरेक्ट' प्लॅन घ्यायचा, २०१३ पासून मिळतो, मधल्या एजंटचं कमिशन वाचतं.

महिना ५ हजार, वीस वर्षं, १० टक्के वाढ धरली तर साधारण ३८ लाख होतात, भरलेले १२ लाख. पण पहिल्या दहा वर्षांत फक्त दहा लाखाच्या आसपास दिसतात, राहिलेले अठ्ठावीस दुसऱ्या दहात. लोक सहाव्या-सातव्या वर्षी कंटाळून काढतात आणि प्लॉट घेतात. हे १० टक्के कोण लिहून देत नाही हेपण लक्षात ठेवा. जानेवारी २०२० ला बारा हजाराच्या वर असलेला निफ्टी मार्चमध्ये साडेसात हजारावर आला होता. ज्यांचे सहा महिने वेगळे ठेवलेले होते त्यांनी बघून मोबाईल खिशात टाकला, ज्यांचे नव्हते त्यांना त्याच भावात विकायला लागलं. आधी पिग्मी-एफडी आणि मग फंड हा क्रम त्यासाठीच.

प्लॉटचं म्हणाल तर जमीन आपल्या रक्तात आहे, मी कोण अडवणार. एवढंच, भागाकारात प्लॉट धरायचा नाही, कारण नोकरी गेल्यावर प्लॉटचा एक कोपरा मोडून बाजार करता येत नाही. आणि एनए म्हणजे बिगरशेती नसलेला, नुसत्या बाँडवरचा प्लॉट तर गुंतवणूकच नाही, ते वारसाला दिलेलं भांडण आहे. राहतं घरपण धरायचं नाही. सोनं धरा, निम्म्या भावानं, कारण मोडायची वेळ आली की घरातलं कोण ना कोण रडतंय आणि निम्मंच मोडलं जातं.

मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावात, त्यामुळं आपल्या गावोगावी पेन्शनर जवान आहेत, चाळिशीच्या आत-बाहेर घरी आलेले. खरं म्हटलं तर आर्थिक स्वातंत्र्य मिळालेली आपल्यातली हीच माणसं, जन्मभर पेन्शन, भागाकार करायचीच गरज नाही. तरी त्यातला एखादा सिक्युरिटी गार्ड म्हणून डबल ड्युटी करताना दिसतो. आलेली एकरकमी सगळी आरसीसी घरात गेली, वरचा मजला राहिला म्हणून कर्ज काढलं, आता पेन्शन हप्त्याला. महिन्याचा खर्च कुठल्याही उत्पन्नाला गाठू शकतो.

बायकांचं वेगळं सांगायला पाहिजे. ऑगस्ट २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मीचे महिना २ हजार येतात, पलीकडं कागल-चंदगडला लाडक्या बहिणीचे पंधराशे, त्यावरून पाव्हण्यांत चेष्टा चालते. कधी दोन-दोन महिने अडकून येतात, पण येतात. प्रश्न असा की एटीएम कार्ड कुणाकडं आहे आणि ओटीपी कुणाच्या मोबाईलवर जातो. नवऱ्याच्या मोबाईलवर जात असेल तर खातं नावाला तिचं. आमच्या वैनींनी बँकेत जाऊन नंबर बदलून घेतला, अण्णा चार दिवस गप्प होते, पाचव्या दिवशी बोलायला लागले. आता त्यांची आरडी आहे आणि त्यांचा भागाकार त्या वेगळा करतात, मला आकडा सांगत नाहीत.

माझा? गेल्या महिन्यात केला, एकोणतीस आला. सहा वर्षांत. चारशे कुठं आणि एकोणतीस कुठं, तरी परवा शिफ्ट बदलण्यावरून साहेबांना पहिल्यांदाच नाही म्हटलं आणि आवाज चढवायला लागला नाही.

वहीच्या शेवटच्या पानावर सगळी खाती, एफडीच्या तारखा, पॉलिसी नंबर आणि नॉमिनी कोण ते लिहून ठेवलंय. लिहिताना सापडलं की २००८ च्या एका खात्यावर अजून माझ्या आजीचं नाव नॉमिनी आहे, तिला जाऊन अकरा वर्षं झाली. सोमवारी फॉर्म आणायला जायचंय.